डोळ्यांवर पट्टी, मनगटावर गोंदण: दवाखान्याच्या एका रीलचं प्रकरण

एका त्वचारोगतज्ज्ञ मॅडमच्या दवाखान्यानं पेशंट मुलीचे फोटो न विचारता जाहिरातीच्या रीलमध्ये टाकले, त्याचं हे प्रकरण दोन्ही बाजूंच्या परवानगीनं लिहितो आहे. गाव, वय, नाती आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी त्याच भागात अनेक वर्षं प्रॅक्टिस करणारा फिजिशियन. वाद झाला तेव्हा मॅडमनी मला बोलावलं आणि पुढे मुलीच्या घरच्यांनीही मला बसवून घेतलं.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं साखर कारखान्याचं तालुक्याचं गाव. मॅडम एम. डी. त्वचारोगतज्ज्ञ, महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे रीतसर नोंदणी असलेल्या. त्या येण्याआधी आजूबाजूच्या चार तालुक्यांतल्या लोकांना कातडीच्या आजारासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागायचं. दवाखाना चांगला चालला होता, पण फोटोथेरपीचं, म्हणजे किरणांनी उपचार करायचं, मशीन कर्जावर घेतलं होतं आणि हप्ता डोक्यावर होता. शिवाय समोरच्याच रस्त्यावर 'कोडावर रामबाण' असा फलक लावून कसलीशी पूड विकणारा एक माणूस बसायचा. त्याची पूड लावून कातडी भाजलेले पेशंट दर आठवड्याला मॅडमकडे यायचे. आपली खरी विद्या लोकांपर्यंत पोचत नाही आणि त्याची पूड पोचते, याचा त्यांना मनापासून त्रास व्हायचा. तो त्रास खरा होता, म्हणून आधीच सांगतो. लोभापायी केलेल्या जाहिरातीची ही गोष्ट नव्हे.

मुलगी चोविसेक वर्षांची. हाताच्या आतल्या बाजूला आणि कानाखाली मानेवर कोडाचे डाग. लांब बाह्या आणि ओढणी यांच्याआड तिनं ते तीन वर्षं झाकले. कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी शरीराची प्रतिकारशक्तीच मारते. तो स्पर्शानं पसरत नाही आणि त्यानं जिवाला धोका नसतो. पण आपल्याकडे सोयरीक जुळवताना 'घरात कुणाला अंगावर पांढरं नाही ना' हे अजून हळू आवाजात विचारलं जातं. मुलीचा साखरपुडा झाला होता. होणाऱ्या नवऱ्याला तिनं स्वतः सगळं सांगितलं होतं आणि त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. त्याच्या आईवडिलांना कधी सांगायचं, हे दोघं मिळून ठरवणार होते.

जून २०२३ पासून आठवड्यातून दोनदा नॅरोबँड अतिनील किरणांचे उपचार आणि लावायचं मलम सुरू झालं. सात महिन्यांत मान बरीचशी भरून आली, हातावरही रंगाचे ठिपके उमटले. दर महिन्याला त्याच भिंतीसमोर, त्याच दिव्याखाली फोटो घेतला जायचा. हे फोटो घ्यावेच लागतात. रंग किती परतला हे नुसत्या आठवणीवर ठरवता येत नाही.

रील कशी झाली

नोव्हेंबरमध्ये शहरातल्या एका डिजिटल मार्केटिंग कंपनीचा मुलगा दवाखान्यात आला. महिन्याला आठ पोस्ट, चार रील, पेज सांभाळणं आणि 'बूस्ट'चा खर्च वेगळा. मॅडमनी विचारलं, "डॉक्टरांना जाहिरात चालते का?" तो म्हणाला, "नवे नियम आले होते मॅडम, पण ते स्थगित झालेत. आता सगळे करतात."

त्याच्या वाक्याचा पहिला भाग खरा होता. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ च्या सुरुवातीला डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाचे नवे नियम काढले आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला ते स्थगित केले. समाजमाध्यमांवर डॉक्टरांनी कसं वागावं, याचं एक सविस्तर प्रकरण त्या नियमांत होतं. बऱ्या झालेल्या पेशंटचे फोटो टाकू नयेत, पेशंटकडून शिफारशी मागू नयेत, लाइक आणि फॉलोअर विकत घेऊ नयेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पण नवे नियम थांबले म्हणून रान मोकळं झालं नाही. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारसंहितेचे नियम पुन्हा लागू झाले, आणि जाहिरातीच्या बाबतीत ते कमी कडक नाहीत. मॅडमनी हे तपासलं नाही. निर्णयाची पहिली जागा ही होती आणि तिथे उत्तर एका विक्रेत्याकडून घेतलं गेलं.

जानेवारीत कंपनीनं 'बिफोर-आफ्टर'साठी फोटो मागितले. मॅडम ओपीडीत होत्या. त्यांनी रिसेप्शनवरच्या ताईंना सांगितलं, "ज्यांची संमती आहे त्यातले दोन-तीन चांगले पाठवून द्या." केसपेपरच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं होतं: 'माझे फोटो वैद्यकीय नोंद, शिक्षण व प्रसार यासाठी वापरण्यास माझी संमती आहे.' त्याखाली प्रत्येक पेशंटची सही होती. नंबर लागावा म्हणून घाईत, काउंटरवर उभ्यानं केलेली.

ताईंनी फोटो पाठवले. कंपनीच्या मुलानं चेहऱ्यावर नीट काळी पट्टी लावली, कपाळापासून नाकापर्यंत. हाताच्या फोटोला पट्टी लावायचं कारण त्याला दिसलं नाही, हातच तर होता. त्या हाताच्या मनगटावर 'आई' असं गोंदलेलं होतं. जत्रेत गोंदताना भावाचा धक्का लागला होता, म्हणून 'ई'चं टोक वाकडं होऊन थेट अंगठ्याकडे गेलं होतं. सगळ्या पंचक्रोशीत तसं गोंदण एकाच मनगटावर होतं.

रीलवर ओळ होती: 'कोड कायमचा बरा! खात्रीशीर उपचार आता आपल्याच गावात.' पोस्ट करण्याआधी ती मॅडमच्या व्हॉट्सअॅपवर आली होती. त्यांनी दोन पेशंटच्या मधल्या वेळात आवाज बंद ठेवून पाहिली आणि अंगठा पाठवला.

काय घडलं

रील बूस्ट झाली. पैसे भरून रील पुढे ढकलताना ती कुणाला दाखवायची, हे ठरवता येतं. कंपनीनं ठरवलं होतं: १८ ते ४५ वयाच्या बायका, दवाखान्यापासून ४० किलोमीटरच्या आत. मुलीचं माहेर त्या वर्तुळात होतं आणि होणारं सासरही. मुंबईच्या लाखो लोकांनी तो हात पाहिला असता तरी कुणाला काही कळलं नसतं. इथे मात्र जे तिला ओळखत होते, नेमक्या त्यांच्याच हातातल्या फोनवर ती रील पैसे देऊन पोचवली गेली. लहान गावात दवाखाना चालवणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट समजून घ्यावी असं मला वाटतं. इथे चेहरा झाकून ओळख झाकत नाही. माणूस चालीवरून, बांगडीवरून, साडीच्या काठावरून ओळखला जातो.

रील होणाऱ्या नवऱ्याच्या आत्याच्या फोनवर आली. साखरपुड्यात अंगठी घालताना तिनं तो हात जवळून पाहिला होता. तिनं ती घरच्या ग्रुपवर टाकली. रात्री साडेनऊला मुलाच्या वडिलांचा मुलीच्या वडिलांना फोन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीनं दवाखान्यात फोन केला. रिसेप्शनवरून उत्तर मिळालं, "मॅडम बिझी आहेत. तुमची सही आहे ना फॉर्मवर?" माझ्या मते सगळ्यात जास्त इजा या वाक्यानं केली. तोवर ती घाबरलेली होती, त्यानंतर ती चिडली. मॅडमना हे कळायला दुपारचे चार वाजले, आणि तेवढ्या वेळात रील आणखी कितीतरी फोनवर गेली होती. रीलखाली बायकांनी 'मला पण असेच डाग आहेत, चेहऱ्यावर' असं आपल्या खऱ्या नावानं लिहिलं होतं, काहींनी फोटोही टाकले होते. त्यांचंही गुपित आमच्याच एका सहकाऱ्याच्या पेजवर उघडं पडलं होतं.

तिसऱ्या दिवशी मुलीच्या भावानं लेखी तक्रार आणून दिली. आठ दिवसांत उत्तर न मिळाल्यास वैद्यक परिषदेकडे जाऊ, असं त्यात होतं. त्याच संध्याकाळी मॅडमचा मला फोन आला. त्या रडत होत्या आणि त्याच दमात म्हणत होत्या, "सर, पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलांचे होर्डिंग चौकाचौकात आहेत. मीच का?"

नियम नेमके काय सांगतात

त्या रात्री आम्ही २००२ चे नियम ओळीनं वाचले. पेशंटना प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे आपल्याकडे ओढणं अनैतिक आहे, मग ते एकट्या डॉक्टरनं करो, डॉक्टरांच्या गटानं करो की संस्थेनं. समाजमाध्यम हा शब्द तिथे नाही, पण प्रसिद्धीचं कोणतंही माध्यम आणि कोणताही प्रकार त्यात येतो. वर्तमानपत्रात औपचारिक निवेदन द्यायला परवानगी आहे, ती मोजक्या गोष्टींपुरती: प्रॅक्टिस सुरू करणं, तिचा प्रकार बदलणं, पत्ता बदलणं, काही काळ बाहेर असणं, परत रुजू होणं, दुसऱ्याची प्रॅक्टिस पुढे चालवणं आणि फीचे दर जाहीर करणं. पेशंटचा फोटो ओळख पटेल अशा रीतीनं त्याच्या परवानगीशिवाय छापणं हा गैरवर्तनाचा वेगळा मुद्दा आहे. मॅडमची सगळी भिस्त काळ्या पट्टीवर होती. पण डोळे झाकणं ओळख लपवायला पुरेसं नाही, असं वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं कधीच सांगून ठेवलं आहे.

दुसरा कायदा मॅडमच्या डोक्यातही नव्हता: औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४. ज्या आजारांवरच्या औषधोपचाराची जाहिरात करता येत नाही, त्यांची यादी या कायद्याला जोडलेली आहे. मधुमेह, कर्करोग, पक्षाघात यांच्यासोबत त्या यादीत कोडही आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. रस्त्यापलीकडचा पूडवाला ज्या कायद्याखाली यायला हवा, त्याच कायद्याच्या कक्षेत मॅडमची रील येत होती. हे कळल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या. नोंदणीकृत डॉक्टरनं स्वतःच्या जागेवर 'येथे अमुक आजारावर उपचार होतात' अशी पाटी लावायला हाच कायदा मुभा देतो. म्हणजे दारावरची पाटी चालते, तीच ओळ चाळीस किलोमीटरवरच्या फोनवर पाठवलेली चालत नाही. त्यात 'कायमचा बरा' हे तर वैद्यकीयदृष्ट्याही खोटं. कोडात रंग परत येतो, पण डाग पुन्हा उमटू शकतात. बोटांच्या टोकांवर आणि ओठांवर तर उपचार सहसा फारसे लागू पडतच नाहीत. मॅडमना हे कुणीही सांगायची गरज नव्हती.

मोठ्या हॉस्पिटलांच्या होर्डिंगबद्दलचा त्यांचा प्रश्न रास्त होता. माझं उत्तर इतकंच होतं की परिषदेची नोंदवही डॉक्टरांची असते, इमारतींची नसते. अन्याय वाटतो, तो आहेच, पण त्यामुळे या मुलीच्या बाबतीत काही बदलत नाही.

समोर असलेले मार्ग

पहिला मार्ग, रील काढायची आणि गप्प राहायचं. मॅडमच्या यजमानांचा कल तिकडे होता, चार दिवसांत लोक विसरतात म्हणून. दुसरा, वकिलामार्फत उत्तर द्यायचं की सही आहे, संमती आहे. कागदावर हा मार्ग भक्कम दिसायचा. पण 'प्रसार' या शब्दावर घाईत केलेली सही म्हणजे लग्नाच्या तोंडावर चाळीस किलोमीटरच्या परिघात आपला आजार दाखवायला दिलेली परवानगी, हे कुणालाही पटलं नसतं. शिवाय संमती असली तरी जाहिरात ती जाहिरातच. तिसरा, पेजवर खुलासा टाकायचा. कंपनीच्या मुलानं त्याचा मसुदाही पाठवला होता. तो मी सगळ्यात आधी बाद केला, कारण खुलासा म्हणजे पुन्हा तीच चर्चा आणि पुन्हा तोच हात. चौथा, समोर जायचं आणि झालेलं कबूल करायचं.

चौथ्यात एक अडचण होती. मॅडमची व्यावसायिक विमा पॉलिसी होती, आणि अशा पॉलिसीत सहसा अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, भरपाईचा शब्द द्यायचा नाही. माफी मागितली आणि विमा गेला, तर पुढे खरोखर भरपाई द्यायची वेळ आल्यावर मुलीच्याच हाती काही लागणार नाही. आम्ही त्याच रात्री विमा कंपनीला घटना कळवली आणि सकाळी वकिलांशी बोललो. त्यांनी सुचवलेली वाट मला पटली: जे घडलं ते जसंच्या तसं सांगा, त्याबद्दल वाईट वाटतं हे सांगा, पैशांची भाषा दोन्हीकडून आत्ता नको.

काय केलं

आधी पुरावा जपला. रील, तिच्याखालची वाक्यं, बूस्टची सेटिंग, कंपनीशी झालेलं बोलणं, सगळ्याचे तारखेसह स्क्रीनशॉट घेऊन वकिलांकडे ठेवले. एका तासात एवढं उरकून रील काढली. नुसती काढून टाकली असती तर पुढे पुरावा नष्ट केल्यासारखं दिसलं असतं. मग उरलेल्या प्रती शोधल्या. कंपनीनं तीच रील स्वतःच्या पेजवर कामाचा नमुना म्हणून टाकली होती आणि इतर डॉक्टरांना पाठवलेल्या पीडीएफमध्येही घातली होती. हे आम्ही विचारलं म्हणून कळलं. करारात फोटोंवर हक्क कुणाचा, याबद्दल एक ओळही नव्हती. दोन अनोळखी पेजवरून ती उतरवायला त्या माध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करावे लागले. सगळं मिळून नऊ दिवस गेले. घरच्या ग्रुपांवर गेलेल्या प्रतींचं काहीच करता आलं नाही.

रविवारी दवाखाना बंद असताना मुलगी, तिची आई आणि भाऊ आले. मॅडमनी आपल्या खुर्चीत न बसता त्यांच्या बाजूच्या बाकावर बसावं, असं मी सुचवलं होतं. भावानं फोन टेबलावर ठेवून रील लावली. त्यातलं ढोलकीचं संगीत बंद खोलीत फार मोठं वाटलं. मुलीनं हात पालथा करून मांडीवर दाबून ठेवला होता, शेवटपर्यंत तो तसाच होता. आई म्हणाली, "बाई, आमची पोर तुमच्याकडं विश्वासानं आली होती. एक फोन केला असता तर आम्ही नको म्हटलं असतं. एवढंच."

मॅडम म्हणाल्या, "मावशी, मी विचारलं नाही. मी नीट बघितलंही नाही. ताईंनी पाठवलं आणि त्या मुलानं बनवलं हे खरं आहे, पण 'हो' मी म्हटलं." नंतर त्यांनी हेच लेखी दिलं: फोटो कुणी, कधी, कुठे दिले, किती दिवस दिसले, काय काढलं आणि काय काढता आलं नाही. मुलीला महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करण्याचा पूर्ण हक्क आहे, हेही त्यात होतं. औषधाच्या दाव्याबद्दल अन्न व औषध प्रशासनाकडेही जाता येईल, हे मी तोंडी सांगितलं. वकिलांना पत्रातलं परिषदेबद्दलचं वाक्य नको होतं, मॅडमनी ते ठेवलं.

निष्पत्ती

लग्न मोडलं. मुलगा दोन महिने घरच्यांशी भांडला, मग थकला. ते घर हे कधी ना कधी कळल्यावर कसं वागलं असतं, मला सांगता येणार नाही. कदाचित असंच. पण ते कधी सांगायचं, कुणी सांगायचं, कुणाला आधी सांगायचं, हे ठरवणं त्या मुलीच्या हातात होतं आणि ते तिच्या हातून काढून घेतलं गेलं.

तिनं आमच्या गावचे उपचार सोडले. चार महिने काहीच केलं नाही, आणि मानेवर कानाखाली पुन्हा पांढरं दिसू लागलं. आता ती दोन तासांच्या एसटी प्रवासावरच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जाते. परिषदेकडे तिनं तक्रार केलेली नाही. करू नको असं मी कधीच म्हटलं नाही, पण मी मॅडमच्याच बिरादरीतला, त्यामुळे माझ्या तिथे असण्याचा तिच्यावर दबाव पडला का, हा प्रश्न मला अजून छळतो. त्या बैठकीला डॉक्टर नसलेलं, तिच्या बाजूचं कुणीतरी जाणतं माणूस हवं होतं. ते मला सुचायला हवं होतं.

कंपनीबरोबरचा करार मॅडमनी संपवला. पेजवर आता वेळा, सुट्टीचे दिवस आणि पत्ता, एवढंच आहे. पेशंटची संख्या थोडी घटली, पुढे सावरली.

वेगळं काय करता आलं असतं

कोडाविषयी लोकांना सांगायलाच हवं, यात मला शंका नाही. तो पसरत नाही, पूड लावून कातडी जाळू नका, लवकर या, हे रेखाटन दाखवून, नकाशासारखी आकृती काढून सांगता येतं. गावच्या ग्रामसभेत, कॉलेजात, महिला बचत गटात बोलता येतं. मॅडम आता तेच करतात आणि तिथे दवाखान्याचं नाव घेत नाहीत. आजाराची माहिती देण्यासाठी बऱ्या झालेल्या पेशंटचा हात लागत नाही. तो लागतो तो आपल्या यशाची खूण म्हणून, आणि तिथेच जाहिरात सुरू होते.

दुसरी चूक कामाच्या वाटपात होती. फोटो निवडण्याचं काम ताईंकडे, झाकण्याचं कंपनीकडे, पाहण्याचं दोन पेशंटच्या मधल्या मिनिटाकडे. पेशंटला ओळखणारं एकच माणूस या साखळीत होतं, आणि त्यानं फोटो नीट पाहिला नाही. मॅडमना ते गोंदण माहीत होतं. त्या जत्रेची गोष्ट मुलीनं त्यांनाच सांगितली होती.

आणि फोन. पेशंट घाबरून फोन करतो तेव्हा सहीची आठवण करून द्यायची नसते. आता त्या दवाखान्यात फोटोबद्दलचा कुठलाही फोन ओपीडी थांबवून मॅडमना दिला जातो.

संमतीपत्रही बदललं. उपचाराच्या नोंदीचा फोटो वेगळा, डॉक्टरांच्या कॉन्फरन्समध्ये दाखवायचा वेगळा, आणि जाहिरातीसाठी हा रकानाच नाही. कॉन्फरन्ससाठी संमती घ्यायची तर ती पेशंटला प्रत्यक्ष तो फोटो दाखवून, उपचाराच्या दिवशी न घेता, घरी नेऊन वाचायला देऊन. त्यात एक ओळ मुलीच्या भावानं सुचवलेली आहे, मॅडमनी ती त्याच्याच शब्दांत ठेवली: 'हा फोटो तुमच्या गावातल्या, सोयरीकीतल्या माणसानं पाहिला आणि ओळखला, तर तुम्हाला चालेल का?'

बहुतेक जण 'नाही' लिहून कागद परत आणतात. मॅडम तो केसपेपरला लावतात आणि पुन्हा विचारत नाहीत.